तक्रारीची नोंदवही

आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांना शेड्यूल टी नवीन नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २००० साली समाविष्ट झालेल्या या अनुसूचीने जागा, पाणी, स्वच्छता यांबरोबर आणखी एक गोष्ट बंधनकारक केली. ती म्हणजे बाजारातून आलेल्या तक्रारींची नोंदवही. चूर्णाला बुरशी आली, आसवाच्या बाटलीचे बूच उडाले, गुग्गुळकल्पाच्या वट्या दगडासारख्या झाल्या, अशी तक्रार आली की ती नोंदवायची, चौकशी काय केली ते लिहायचे, पुन्हा तसे घडू नये म्हणून कोणता बदल केला तेही लिहायचे आणि दर सहा महिन्यांनी ही नोंद परवाना अधिकाऱ्याकडे सादर करायची. ही वही किती फार्मसींत मनोभावे भरली जाते हा प्रश्न निराळा. तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु डबीभर चूर्णाच्या तक्रारीला जी प्रतिष्ठा नियमाने दिली, ती आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्याच्या तक्रारीला व्यवहारात अद्याप मिळालेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदे नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्यात किमान एक महिला आणि मागासवर्गीयांपैकी किमान एक प्रतिनिधी असणे आवश्यक आहे. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीने अहवाल द्यावयाचा, आणि तो मान्य नसल्यास विद्यार्थ्याने पुढील १५ दिवसांत लोकपालाकडे जावयाचे. हा लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समिती वेगळी. तिची चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. रॅगिंगसंबंधी तर महाराष्ट्राने १९९९ सालीच स्वतंत्र कायदा केला. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करावी, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी. आणि जो प्रमुख हे कर्तव्य टाळील त्याने अपराधास साहाय्य केले असे मानले जावे, असे त्यात म्हटले आहे. हे शेवटचे कलम सर्वांनी पुन्हा एकदा वाचावे अशी आमची विनंती आहे. तक्रार खणात ठेवून देणारा हा तटस्थ नसतो, हे विधिमंडळाने पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

मग घोडे अडते कोठे? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला स्थापन झाले आणि तोवर ठिकठिकाणच्या विद्यापीठांशी संलग्न असलेली राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये एका छत्राखाली आली. अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या दृष्टीने ही सोय मोठी झाली. परंतु सिंधुदुर्गातील किंवा यवतमाळातील विद्यार्थ्याला विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट आणि गुणपत्रिका. त्याचे खरे जग प्राचार्यांच्या दालनापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ज्यांच्याविरुद्ध बोलावयाचे तेच अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देणार, तेच प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही करणार, तोंडी परीक्षेच्या टेबलापलीकडे तेच बसणार आणि आंतरवासितेच्या दाखल्यासाठी त्यांच्याच दारी जावे लागणार. साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम. त्यात दुसऱ्या वर्षी तोंड उघडणाऱ्यापुढे अजून तीन-साडेतीन वर्षे उभी असतात.

त्यात आपल्याकडे ‘समजूत काढणे’ नावाचा एक उपचार फार प्रचलित आहे. पालकांना बोलावून घ्यावयाचे, मुलीचे वर्ष वाया जाईल असे हळूच सुचवावयाचे, चहा पाजावयाचा आणि तक्रार मागे घेतल्याचे दोन ओळींचे पत्र लिहून घ्यावयाचे. फाइल बंद होते. वही कोरी राहते, आणि कोरी वही दाखवून आमच्या संस्थेत एकही तक्रार नाही असे तपासणीस आलेल्या मंडळींना अभिमानाने सांगितले जाते. ज्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षभरात एकही रुग्ण फिरकला नाही, तेथील गावकरी निरोगी आहेत असा निष्कर्ष कोणताही वैद्य काढणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांकडूनच येतो: समित्या आणि लोकपाल ही गुरुशिष्यपरंपरेला परकी असलेली यंत्रणा आहे. या आक्षेपाचे उत्तर संहितांतच आहे. सुश्रुतसंहितेच्या शिष्योपनयनीय अध्यायात शिष्याला नियम सांगून झाल्यावर आचार्य स्वतःलाही बांधून घेतो. शिष्य नीट वागत असताना मीच त्याच्याशी वेडावाकडा वागलो, तर पापाचा धनी मी होईन आणि माझी विद्या निष्फळ होईल, असा त्याचा आशय आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरूची आज्ञा शिष्याने पाळावी असे सांगताना अपवादही तेथल्या तेथे नमूद केले आहेत: राजाज्ञेविरुद्ध, प्राणघातक, मोठ्या अधर्माचे किंवा अनर्थकारक असे कृत्य गुरूने सांगितले तरी करावयाचे नाही. गुरूच्या अधिकाराला सीमा आहे हे ज्या शास्त्राने पहिल्याच दिवशी, अग्नीच्या साक्षीने शिकविले, त्याच शास्त्राचा आधार घेऊन विद्यार्थ्याला गप्प बसविणे हे आम्हांस दुःसाहस वाटते.

शिक्षकांची बाजूही आहे, आणि ती लहान नाही. उपस्थिती कमी भरली म्हणून अडविलेला विद्यार्थी सूड म्हणून तक्रार करू शकतो. गटबाजीने पोखरलेल्या संस्थेत एका गटाचा अध्यापक दुसऱ्या गटाच्या हाती बळी जाऊ शकतो. अशा वेळी नुसत्या कुजबुजीने माणसाची वीस वर्षांची सेवा मातीमोल होते. म्हणूनच नोंद, तारीख, दोन्ही बाजूंचे लेखी म्हणणे आणि ठरावीक मुदत यांची गरज शिक्षकालाही तितकीच आहे. रुग्णाने सांगितलेले लक्षण म्हणजे निदान नव्हे; पण ते ऐकून न घेता, नाडी न पाहता त्याला दारातून परत पाठविणे हेही वैद्यक नव्हे. खोटी तक्रार सिद्ध झाल्यास तक्रारदारावर कारवाईची तरतूद २०२३ च्या विनियमांतही आहे. मात्र सिद्ध न झालेली तक्रार आणि खोटी तक्रार यांत अंतर आहे, आणि समित्यांवरील मंडळी हे अंतर बरेचदा विसरतात.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक तक्रारीला त्याच दिवशी तारखेची पोच मिळावी. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने, आणि संस्थाचालकांच्या नातलगांनी, ती ऐकणाऱ्यांत बसू नये. तक्रार प्रलंबित असेतो त्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा दुसऱ्या परीक्षकाकडे सोपवावी. पैशाचा प्रश्न नाही, वेळापत्रकातील एका फेरफाराचा आहे. मागे घेतलेल्या तक्रारीचीही नोंद राहावी आणि ती का मागे घेतली हे विद्यार्थ्याला समितीतील बाहेरच्या सदस्याने एकांतात विचारावे. आणि दर सहा महिन्यांनी, नावे वगळून, किती तक्रारी आल्या, कोणत्या प्रकारच्या होत्या व किती दिवसांत निकालात निघाल्या, याचा तक्ता महाविद्यालयांनी विद्यापीठाकडे पाठवावा व विद्यापीठाने तो प्रसिद्ध करावा. औषधनिर्माते जे करू शकतात ते विद्यापीठाला अवघड जाऊ नये.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण बाह्य परीक्षक म्हणून जातात, काहीजण महाविद्यालयांच्या नियामक मंडळांवर आहेत, तर बहुतेकांच्या चिकित्सालयांत शिकण्यासाठी नवपदवीधर येऊन बसतात. ही मुलेमुली विद्यापीठाच्या कक्षेबाहेर पडलेली असतात, आणि २०१३ चा कायदा आपल्यालाही लागू आहे. चिकित्सालयात किंवा फार्मसीत दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तर अंतर्गत समिती स्थापन करणे मालकाची जबाबदारी आहे. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्या समितीचा पत्ता आपल्या दर्शनी भागात, औषधांच्या दरपत्रकाशेजारी, लावून ठेवावा.