गाडी चाललीच कुठे?

जुनी पेट्रोल गाडी घेतलेल्या कुणालाही सर्व्हिसिंगचं विचारा, उत्तर ठरलेलं: "अहो, गाडी चाललीच कुठे?" आमच्या गोंदियात तर घर ते बाजार, बाजार ते स्टेशन! वर्षाला किलोमीटर होतात २,०००. म्हणजे १०,०००ची सर्व्हिसिंग पाच वर्षांनी. झालं त्रैराशिक!

मी पडलो बँकेतला कारकून. कर्जदार बँकेची पायरी चढला नाही म्हणून व्याज थांबतं का हो? ते दिवसांवर चढतं. इंजिन ऑइलचंही तेच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. दोन किलोमीटरांत इंजिन धड तापतच नाही. मग थोडं पाणी आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मुरतं. बॅटरीचंही तसंच: स्टार्टरने काढलेली रक्कम परत भरण्याआधीच गाडी फाटकात!

गाडीच्या पुस्तकात बहुधा '१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असं छापलेलं असतं. आपण 'किंवा'पर्यंतच वाचतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाडीचं खातं आधीच्या मालकाने कसं चालवलं, देव जाणे. म्हणून घेतल्याबरोबर ऑइल-फिल्टर बदला. पुढे दर सहा महिन्यांनी ऑइल, वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हिसिंग. आणि अधूनमधून गाडीला नवेगावबांध दाखवून आणा.

नाहीतर 'चालली नाही, चालली नाही' म्हणता म्हणता एक दिवस ती खरोखरच चालत नाही.