आईचं काय चुकलं?

‘ताई, माझं काय चुकलं?’ नाशिक रोडला स्वमग्न मुलांच्या आया भेटतात, तेव्हा हा प्रश्न ठरलेला. आईच्या मायेअभावी मूल स्वमग्न होतं, हा सिद्धान्त केव्हाच मोडीत निघाला. घराघरांत मात्र तो जिवंत आहे. खरं तर मुलाच्या मेंदूची ठेवणच वेगळी असते.

1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. 2016 च्या कायद्यात आली. उपचारात मात्र अजूनही मुलाने ‘इतरांसारखं’ व्हायचं आणि आईने राबायचं. मूल हात फडफडवतं, तेव्हा ते धरून ठेवण्याआधी कारण समजून घ्यायला हवं. मानसतज्ज्ञांनीही आपलं काम अनुभवी सहकाऱ्याकडून तपासून घ्यावं: यात मुलाचं कुणी ऐकलं का? आणि मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला आईसोबत बापालाही बोलावू या.