रसिक मायबाप, एक विचारू का?

परवा रात्री मारुतीच्या देवळात यात्रा कमिटीची बैठक झाली. मी गेलो होतो बातमीसाठी. दरवर्षीची चार ओळींची बातमी असते, पट्टी किती ठरली, शेवटच्या कुस्तीला इनाम किती, तमाशा कुणाचा. यंदा एक नवा विषय निघाला. आपल्या भागातल्या एका जुन्या तमाशा कलावंत बाईंचा यात्रेत जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि वेशीत मोठा फ्लेक्स. सगळ्यांनी हात वर केले. मीपण केला.

बैठक उठायच्या बेतात असताना मागं बसलेल्या एका पोरानं विचारलं, "गेल्या वर्षी तमाशातल्या बायका शाळेमागच्या ओढ्याला जात होत्या. यंदा त्यांच्यासाठी संडास-मोरीची काही सोय करणार का?"

कुणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "फडवाले बघत्यात त्यांचं त्ये." आणि विषय मंडपाच्या भाड्यावर गेला.

मंडळी, दोन्ही विषय एकाच बैठकीत, अर्ध्या तासाच्या अंतरानं निघाले. सत्काराला एकमत, मोरीला गप्प. कमिटीतली माणसं वाईट नाहीत. त्यातले निम्मे माझे वर्गमित्र आहेत, आणि तमाशावर जीव टाकणारे आहेत. म्हणजे मला आजवर तसं वाटत होतं. परवापासून प्रश्न पडलाय की आपण जीव टाकतो तो नक्की कशावर? त्या बाईवर, का तिच्या पायातल्या चाळांवर?

तमाशात स्टेजवरून आपल्याला काय म्हणतात ते आठवा. रसिक मायबाप. मायबाप! पोरीला थंडीत उघड्यावर ओढ्याला जाऊ देणारे कुठले मायबाप असतात?

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपल्याकडं पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. जन्म १९३५ चा, पंढरपुरातला. बापाचाच फड, लहानपणापासून पायात घुंगरू. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळालेली बाई. पण लोक सांगतात ती गोष्ट पुरस्काराची नसते. ती असते त्या रात्रीची. दिवस भरलेले, तरी बाई बोर्डावर उभी. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. ती कनातीमागं गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, ऐकणाऱ्याच्याही येतो. "याला म्हणत्यात कलेची निष्ठा!" मीसुद्धा एका लेखात हेच वाक्य लिहिलेलं आहे. कात्रण घरात आहे.

आता त्या गोष्टीकडं जरा दुसरीकडून बघा. दिवस भरलेली बाई त्या रात्री बोर्डावर का होती? तिला नाही म्हणायची सोय होती का? खेळ झाला नाही तर शंभर माणसांच्या फडाचं पोट त्या दिवशी कशावर चालणार होतं? सुपारी घेतली की खेळ करावाच लागतो, कलावंतांनी उचल घेतलेली असते, ती फेडावीच लागते. हे सगळं त्या गोष्टीत आहे, पण आपण त्यातलं फक्त धाडस उचललं. तिच्या वेदनेची आपण दंतकथा करून टाकली आणि वर टाळ्या वाजवल्या. आपल्या घरातल्या लेकीबद्दल असं कुणी अभिमानानं सांगेल का हो? "नवव्या महिन्यात उसाच्या फडात बाळंत झाली आणि लगेच मोळी बांधायला उभी राहिली, काय पोरगी आहे!" आपल्या घशाखाली घास उतरणार नाही.

गंमत म्हणजे या गोष्टीचा एक शेवट असाही सांगतात की विठाबाई परत बोर्डावर आल्यावर प्रेक्षकांच्या लक्षात आलं, बाईचं पोट दिसत नाही. चौकशी झाली. काय घडलं ते कळल्यावर लोकांनीच खेळ थांबवायला लावला आणि बाईला विश्रांती घ्यायला सांगितलं. तिकीट काढून आलेली माणसं खेळ न बघता उठून गेली. मला विचाराल तर त्या रात्रीची सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. पण पारावर हा शेवट फारसा कुणी सांगत नाही.

विठाबाई १५ जानेवारी २००२ ला गेल्या. शेवटच्या आजारपणात पैशाची ओढाताण होती, दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या पैशातून भागलं. त्यानंतर काही वर्षांनी सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे, ज्यांना मिळाला त्यांना आधार झाला असेल. पण क्रम बघा. आधी बिलासाठी मदत गोळा करायची वेळ, मग नावाचा पुरस्कार.

आता कुणी म्हणेल, ते दिवस गेले. कुठं गेले? २०२० चा गुढीपाडवा आठवतो? २५ मार्च. लॉकडाऊनचा पहिला दिवस. नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या जाऊन चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्या तिथं ठरवतात. वर्षाची कमाई म्हणजे दसऱ्यापासून ते यात्रा संपेपर्यंतचे दिवस, त्यातही खरा पैसा यात्रांचा. त्या वर्षी एकही यात्रा झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काल रात्री ज्यांना शिट्ट्या मारल्या त्या बायका दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेल्या. काही फडमालकांवर गाड्या विकायची पाळी आली. आपल्या गावानं पंधरा-वीस वर्षं एकाच फडाला सुपारी दिली होती, मालकाचा नंबर कमिटीतल्या चार जणांच्या मोबाइलमध्ये होता. त्या दोन वर्षांत किती जणांनी फोन केला असेल? मी विचारलं. एकानं केला होता. सुपारीची आगाऊ दिलेली रक्कम परत मागायला.

दुसऱ्याकडं बोट दाखवून मी सुटत नाही. माझंही सांगतो.

आपल्याच तालुक्यात एक ढोलकीवाले होते. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना आवडणार नाही, आण्णा म्हणू. त्यांच्या ढोलकीवर मी बारा-तेरा वर्षांत तीन वेळा लिहिलं. 'बोटांतली वीज' वगैरे मथळे. शेवटची मुलाखत घेतली तेव्हा आण्णा प्रत्येक प्रश्नाला हसून मान हलवत होते. "हां हां, देवाची कृपा," एवढंच. मी लिहिलं, 'इतका मोठा कलावंत, पण किती मितभाषी, किती नम्र.' लेख छापून आल्यावर त्यांच्या सुनेचा फोन आला. आभार मानले आणि म्हणाली, "दादा, आण्णांना दोन वर्षं झाली ऐकू येत नाही. तुम्ही काय विचारत होता ते त्यांना कळत नव्हतं."

पाऊण तास समोर बसलो होतो. फोटो काढले, बोटांचे जवळून काढले. कानांकडं लक्ष गेलं नाही.

स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावाल्याला मात्र ते ठाऊक होतं. आण्णा रोज त्याच्याकडं यायचे. हा समोरून येऊन, तोंडाकडं बघून, हातानं खूण करून विचारायचा. दात गेले म्हणून पाव चहात बुडवून मऊ करून बशीत द्यायचा. एखादा दिवस आले नाहीत तर पोराला घराकडं पिटाळायचा. आण्णा गेल्यावर मी त्याला म्हणालो, "तू त्यांची ढोलकी ऐकलीस का कधी?" तो म्हणाला, "आपल्याला त्यातलं काय कळत नाय साहेब. बरा माणूस होता." ज्याला ढोलकी कळत होती त्याला माणूस कळला नाही, आणि ज्याला ढोलकीतलं ओ की ठो कळत नव्हतं त्याला माणूस बरोबर कळला. त्या दिवशी मी माझं चहाचं बिल न देताच निघून आलो, इतका गडबडलो होतो. दुसऱ्या दिवशी दिलं.

कौतुक वाईट असं मी म्हणत नाही. कौतुकाशिवाय कलावंत जगत नाही. माझ्या एका मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "कलावंताला दाद पाहिजे, तुझी दया नको." बरोबर आहे. फडातली कुठलीही बाई तुम्हाला हेच सांगेल, की माझा खेळ बघा, मला बिचारी म्हणू नका. पण मोरीची मागणी ही दया आहे का? आपल्या घरी पाहुणा आला तर आपण आधी काय दाखवतो? मोरी आणि पाण्याचा हंडा. त्याला आपण दया म्हणत नाही, घरचं माणूस समजणं म्हणतो.

आणि कौतुकातही फरक असतो. खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक. परत आले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ते पदक घेऊन आल्यावर. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक मिळेल याची तेव्हा काही हमी नव्हती. खाशाबा हरून आले असते तर बैलगाड्या निघाल्या नसत्या. घर मात्र गहाणच राहिलं असतं. १९८४ ला खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

सगळ्यांना घर गहाण ठेवायला कोण सांगतंय? आपल्याकडं प्रश्न एका मोरीचा आहे.

अजून एक गोष्ट लिहितो, ती लिहायला लाज वाटते. २०२३ मध्ये एका नर्तकीचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ कुणीतरी चोरून काढला आणि तो राज्यभर फिरला. आपल्या गावातल्या दोन ग्रुपवर मी तो आलेला पाहिला आहे. पाठवणारे कोण? तिच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून ओरडणारे, तिच्या नावाचे स्टेटस ठेवणारे. त्यांना विचारलं तर शपथेवर सांगतील, आम्ही तिचे फॅन आहोत. फॅन असतीलही. तिच्यावर बोट ठेवून "ही आमची" म्हणतात, पण तिच्यावर वेळ आली तेव्हा यातला एकही जण "डिलीट कर" म्हणाला नाही. मी म्हणालो का? एका ग्रुपवर म्हणालो. दुसऱ्यावर गप्प बसलो, कारण त्यात माझे जाहिरातदार होते. तेही लिहून ठेवतो.

तर मुद्द्यावर येतो. सत्कार जरूर करा, त्या बाईंचा हक्क आहे तो. पण त्याच बजेटमध्ये काय काय बसतं याचा मी काल हिशेब मांडला. वेशीतला मोठा फ्लेक्स लहान केला आणि स्वागताच्या दोन कमानींतली एक कमी केली, तर भाड्याचे फिरते संडास आणि पत्र्याच्या दोन मोऱ्या येतात. मंडपवाल्याशी मी स्वतः बोललो, तो द्यायला तयार आहे. कपडे बदलायच्या राहुटीमागं एक बल्ब आणि आपल्याच गावातल्या दोन बायका बसल्या तर मोबाइल घेऊन कुणी फिरकणार नाही. बचत गटाच्या ताई तयार आहेत, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नाही. फडात शंभर-सव्वाशे माणसं येतात, बहुतेक रात्री दुसऱ्या गावचा खेळ उरकून, न झोपता. त्यांना रात्रीच्या खेळाआधी एकदा गरम जेवण मिळावं. यात्रेच्या भंडाऱ्याला गावजेवण करतोच आपण, त्याच चुलीवर होतं ते. आणि ठरलेले सगळे पैसे सकाळच्या हजेरीआधी हातात पडावेत. गेल्या वर्षी ठरलेल्या पैशातून 'खेळ रंगला नाही' म्हणून कापून घेतले होते. खेळ रंगला नाही कारण पाऊस आला होता.

ज्या बाईंचा सत्कार आहे त्यांना मी काल भेटून आलो. वय झालंय, गुडघे गेलेत. यावेळी लिहून घ्यायच्या आधी विचारलं, ऐकू येतं का, बसायला त्रास होतो का. त्या हसल्या. म्हणाल्या, "स्टेजला पायऱ्या किती हायेत तेवढं बघा. मला चढता येत नाय, आन् चार माणसांनी उचलून न्यावं असं मला नगं." मंडपवाल्याला उतार करायला सांगितलाय. कमिटीनं मंजूर करायचं बाकी आहे.

रविवारी रात्री आठ वाजता मारुतीच्या देवळात पुन्हा बैठक आहे. पट्टी दिलेल्या प्रत्येकाला तिथं बोलायचा हक्क आहे, बायकांनासुद्धा. त्या पोराला मी सांगितलंय, यावेळी पुढं बस.