गुळाच्या ढेपेचा रंग

मागच्या दिवाळीत हॉल गडद तपकिरी रंगवला. पांढऱ्या ट्यूबखाली कळकट दिसायचा, पण २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावला की भिंती कशा गुळाच्या ढेपेसारख्या! मी जाम खूश. आई मात्र गप्प. एका संध्याकाळी ती स्टुलाला अडखळून पडता पडता वाचली, तेव्हा माझे डोळे उघडले. गडद भिंत प्रकाश गिळते, आणि साठीतल्या डोळ्यांत विशीतल्यांच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो.

शेवटी तीन भिंती पुन्हा पांढऱ्या केल्या. तपकिरी एकच ठेवली, आईच्या खुर्चीमागची, आणि शेजारी वाचायचा दिवा. आता ती तिथून उठत नाही!

हा रंग जरूर लावा, पण आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या डोळ्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

असो. तुमच्याकडे कुठला रंग?