पॉलला हिरो करू नका

२०२४ मध्ये 'ड्यून'चा दुसरा भाग बघताना, पॉल फ्रेमेन लोकांसमोर तारणहार म्हणून उभा राहतो तिथे थिएटरात शिट्ट्या पडल्या. त्यात एक माझीही होती. मग सुट्टीत फ्रँक हर्बर्टचं १९६९चं 'ड्यून मसायाह' वाचलं. बारा वर्षं उलटलीत, पॉल सम्राट झालाय आणि त्याच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसं मेलीत. हा आकडा तो स्वतःच सांगतो, जमाखर्च सांगावा तसा. माझी शिट्टी आठवून मला कसंतरीच झालं.

म्हणून तिसऱ्या भागाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. या पुस्तकात लढाया फारशा नाहीतच. बंद खोल्या, कटकारस्थानं आणि बोलणं. एवढा पैसा ओतल्यावर हे कोण चालवून घेईल? दोन-चार मोठ्या लढाया घातल्या, की पॉल पुन्हा हिरो आणि आपण शिट्ट्या मारायला मोकळे.

आशा आहे ती चानीमुळे. पुस्तकात ती पॉलची साथ सोडत नाही. दिग्दर्शक डेनी विल्नव्हने मात्र, सगळे गुडघे टेकत असताना तिला ताठ उभं ठेवलं आणि एकटीला वाळवंटात निघून जाऊ दिलं. माझ्या मैत्रिणीला हा बदल मुळीच पटत नाही (कँटीनमध्ये यावरून आमची दोनदा जुंपलीय). पण पॉलवर विश्वास न ठेवणारं एक तरी माणूस गोष्टीत हवंच ना? तिला परत आणाल तेव्हा नुसती रुसलेली प्रेयसी करू नका, एवढंच मागणं आहे.