अजाब, चमत्कार आणि ५१.८ अंश

२०२४ च्या हजमध्ये १,३०१ माणसं मेली. आकडा सौदी सरकारनेच दिलेला आहे. १७ जूनला मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता. मेलेल्यांपैकी ८३ टक्के परवान्याशिवाय आलेले, म्हणजे गरीब. त्यांना गार तंबू नव्हते, बस नव्हती. ते भर उन्हात मैलोन्मैल चालत होते. आपल्या परराष्ट्र खात्याने त्या वेळी ९८ भारतीय हाजी दगावल्याचं सांगितलं आणि कारणं दिली ती आजारपण, जुनी दुखणी आणि म्हातारपण अशी.

आपल्या मोहल्ल्यांत काय बोललं गेलं? "नशीबवान, मक्केत मौत आली." दुःखात असलेल्या घराला असा दिलासा देणं माणुसकीचं आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिथेच थांबण्याला. उष्माघाताने माणूस कसा मरतो, तो वाचवता आला असता का, हा प्रश्न विचारला की ईमान कमी पडलं असं ठरवणाऱ्यांना माझी हरकत आहे.

त्याच वर्षी १६ एप्रिलला दुबई बुडाली. अमिरातीत एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलीमीटर पाऊस पडला. कोकणातल्या ज्या घरांचं चूलपाणी आखातातल्या पगारावर चालतं, तिथे लगेच फॉरवर्ड फिरला: ढगांत मीठ फवारून माणसाने अल्लाहच्या कामात ढवळाढवळ केली, त्याची ही शिक्षा. अर्ध्याला विज्ञानाचा मुलामा, अर्ध्याला अजाबाचा. पण तेच वादळ दुबईच्या आधी ओमानवर कोसळलं होतं, शाळकरी मुलांसह माणसं तिथे वाहून गेली होती. पावसाचा अंदाज आधीच दिला गेला होता. आणि मिठाची फवारणी नसलेला ढग तयार करत नाही, असलेल्या ढगातून थोडं जास्त पाणी काढते. पुण्याच्या आयआयटीएमने सोलापुरात हा प्रयोग वर्षानुवर्षं केला, तेव्हा वाढ मिळाली ती सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास. त्यातून शहर बुडत नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे मात्र जुनं, साधं भौतिकशास्त्र आहे. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

२०२३ च्या जानेवारीत उलटा प्रकार झाला. पावसानंतर मक्केभोवतीचे डोंगर हिरवे झाले. लगेच व्हिडिओ आले, खाली अरबांची भूमी पुन्हा कुरणांची होईल अशा अर्थाची हदीस, आणि वर मथळा: विज्ञानाने आज सिद्ध केलं. कोणत्या विज्ञानाने? वाळवंटात हिवाळी पाऊस पडला की मातीत पडून राहिलेलं बी उगवतं आणि ऊन चढलं की जळून जातं. हे तिथल्या बदूला कायम ठाऊक होतं.

आता दोन्ही मेसेज शेजारी ठेवून बघा. पूर आला तर अजाब, हिरवळ आली तर कयामतची निशाणी, दुष्काळ पडला तर पुन्हा अजाब. काय घडलं असतं तर हे म्हणणं चूक ठरलं असतं? काहीच नाही. छद्मविज्ञान ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. श्रद्धेला ही कसोटी लावायची गरज नाही. श्रद्धा "विज्ञानाने सिद्ध" अशी पाटी लावून आली की मात्र लावलीच पाहिजे.

हवामानशास्त्राने ही जोखीम घेतली आहे. कोळसा जाळल्याने पृथ्वी तापेल, हे आऱ्हेनियसने १८९६ मध्ये गणित मांडून सांगितलं. १९६७ मध्ये मानाबे आणि वेदराल्ड यांनी सांगितलं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल आणि वरचा थर, स्थितांबर, थंड होईल. सूर्यामुळे तापमान वाढत असतं तर दोन्ही तापले असते. पुढे मोजमाप झालं. वरचा थर थंड झालेला निघाला.

मेरठला २०१८ मध्ये प्रदूषण घालवायला नऊ दिवस आंब्याची शेकडो क्विंटल लाकडं होमात जाळली, तेव्हा आपण पोट धरून हसलो. हसायलाच हवं होतं. पण तोच गडी रात्री मक्का पृथ्वीचं चुंबकीय केंद्र असल्याचा व्हिडिओ पाठवतो, तेव्हा कुणी हसत नाही. दुसऱ्याचं अज्ञान दिसायला चष्मा लागत नाही.

आणि विज्ञान हातात घेतलं की काय होतं, तेही मक्केतच दिसलं आहे. तीस वर्षांच्या हजच्या नोंदींचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मक्केचं तापमान दर दशकात ०.४ अंशाने वाढत होतं, तरी सावली, पाण्याचे फवारे, गार तंबू आणि दवाखाने आल्यावर उष्माघाताचं प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी घटलं. १,३०१ मध्ये बहुसंख्य कोण होते ते आता पुन्हा वाचा. या सोयींच्या बाहेर राहिलेले.

पुढे काय होणार तेही सांगून ठेवतो. चांद्रवर्षामुळे हज दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. येत्या दशकात तो थंडीत सरकेल, मृत्यू कमी होतील. तेव्हा मेसेज येईल: दुआ कबूल झाल्या, तापमानवाढ हे थोतांड होतं. तो मेसेज आला की एमआयटीच्या संशोधकांचा २०१९ चा अभ्यास आठवा. उत्सर्जन असंच चालू राहिलं तर २०४७ ते २०५२ या वर्षांत हज पुन्हा उन्हाळ्याकडे येईल, तेव्हाची उष्णता आणि दमटपणा "अतिधोकादायक" पातळी ओलांडू शकेल, असं त्यांचं गणित आहे. आज पाचवीत असलेला पोरगा तेव्हा आईबापांना घेऊन हजला निघालेला असेल.

उष्णता फक्त मक्केत मारत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उघड्या उन्हात बसवलेल्या गर्दीतली १४ माणसं गेली. तीही श्रद्धेनेच आली होती.

म्हणून मागणी साधी आहे. हजच्या प्रशिक्षण शिबिरांत अरकान शिकवतात, तसं लघवीचा रंग गडद झाला, घाम थांबला, बोलणं भरकटलं तर काय करायचं हे शिकवा, डॉक्टरला बोलावून शिकवा. परवान्याशिवाय नेणाऱ्या एजंटांची नावं मशिदीच्या फलकावर लावा. उंट आधी बांधण्याची गोष्ट प्रत्येक मकतबात सांगितली जाते. एप्रिल-मेमधल्या एखाद्या जुम्म्याच्या बयानात ती उष्माघाताला लावून सांगा, आणि त्या दुपारी मशिदीबाहेर पाण्याचे माठ आणि सावलीचं कापड असू द्या.