अपडेटचा खर्च कोणत्या सदरांत मांडावा ?

कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे जे तीन भेद धर्मशास्त्रकारांनीं केले आहेत, ते घरखर्चाच्या वहीसही चांगले लागू पडतात. वाणसामान, दूध, वीज हा नित्य खर्च. मुंज, आजारपण, पाहुणेरावळे हा नैमित्तिक. आणि ज्यावांचून अडत नाहीं पण ज्याची हौस आहे तो काम्य. यांपैकीं नित्य कर्माचें लक्षण मोठें मार्मिक आहे. तें केल्यानें विशेष फळ पदरीं पडत नाहीं. न केलें तर मात्र प्रत्यवाय लागतो.

याचें स्मरण होण्यास कारण एका वाचक भगिनीचें पत्र. त्या लिहितात : “आमच्या सासूबाईंचा फोन सहा वर्षांचा आहे. कांच शाबूत, आवाज स्वच्छ, बॅटरी दिवसभर पुरते. परंतु बँकेचें ॲप त्यावर आतां चालेना. आवृत्ति जुनी झाली असें सांगतें. भावोजी म्हणतात, नवा फोन घ्या. मामंजी म्हणतात, चालता फोन टाकून द्यावयास घरांत पैशाचें झाड लागलें आहे काय ? सासूबाई शिक्षिका होत्या. आपलें निवृत्तिवेतन जमा झालें कीं नाहीं हें त्या स्वतः पाहत. आतां मुलास विचारावें लागतें. त्या तेवढ्या कांहींच बोलत नाहींत.”

अपडेट म्हणजे उपकरणाच्या मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ति, हें आतां मुलाबाळांच्या घरांत सांगावयास नको. या खर्चाचा इतिहास अमेरिकेंतला आहे, पण आपल्या वहीपर्यंत येऊन पोहोंचला आहे. ॲपल कंपनीनें २००७ च्या सप्टेंबरांत ‘आयपॉड टच’ हें उपकरण आणलें. रूप आयफोनसारखें, पण त्यावरून टेलिफोन करतां येत नसे. गाणीं ऐकावीं, चित्रें पाहावीं, वायफाय असेल तेथें इंटरनेट पाहावें. सर्वांत स्वस्त नगास २९९ डॉलर पडत. जानेवारी २००८ मध्यें कंपनीनें त्यासाठीं टपाल, नकाशे, हवामान, शेअरबाजार व टिपणवही अशीं पांच ॲप्स काढलीं. नव्या गिऱ्हाइकास तीं उपकरणाबरोबरच मिळत. ज्यानें आधीं घेतलें होतें त्यास सुमारें वीस डॉलर, म्हणजे तेव्हांच्या भावानें आठशें रुपयांच्या आसपास, मोजावे लागत. आयफोनवाल्यांस त्या सुमाराची सुधारणा फुकट होती. आधीं विश्वास टाकणाऱ्यानेंच दंड भरावा, हें पुष्कळांस खटकलें. तथापि हा खर्च निखालस काम्य होता. हवामान खिशांत पाहण्यावांचून कोणाचें अडलें नव्हतें.

जुलै २००८ मध्यें प्रकार पालटला. कंपनीनें ॲप स्टोअर उघडलें; आरंभींच त्यांत सुमारें ५०० ॲप्स होतीं. पण त्या दुकानांत पाऊल टाकण्यास उपकरणांत दुसरी आवृत्ति हवी, आणि आयपॉड टचवाल्यास तिची किंमत ९ डॉलर ९५ सेंट. आंतील ॲप फुकट असलें तरी उंबरठ्याचे पैसे द्यावेच लागत. जून २००९ मध्यें तिसरी आवृत्ति आली. पुन्हां ९ डॉलर ९५ सेंट. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविण्याची सोय तिच्याबरोबर आली, आणि नवीं ॲप्स हळूहळू तिसरीच आवृत्ति मागूं लागलीं. हौसेचा खर्च असा प्रसंगाचा होऊन बसला.

कंपनी हे पैसे केवळ लोभानें घेत होती असें म्हणणें सोपें आहे. परंतु कारण पुष्कळसें जमाखर्चाचें होतें, व तो आमच्या जिव्हाळ्याचा विषय असल्यामुळें थोडें विस्तारानें सांगतों. शिकवणीचे शिक्षक जूनमध्यें वर्षाची फी घेतात. ती सारी जूनचीच कमाई म्हणून लिहिली तर हिशेब खोटा, कारण मार्चपर्यंत शिकविण्याचें देणें त्यांच्या डोक्यावर आहे. अमेरिकेंतील हिशेबाच्या नियमांचेंही तात्पर्य हेंच. आयफोनच्या विक्रीचे पैसे ॲपल चोवीस महिन्यांवर पसरून लिहीत असे. म्हणून त्या मुदतींत नवें कांहीं फुकट दिलें तरी बाध येत नसे. आयपॉडचे पैसे मात्र विकल्या दिवशींच पूर्ण जमा धरले जात. व्यवहार असा पुरा झाल्यावर मागाहून नवा गुण फुकट दिला, तर तपासनीस विचारणार कीं, मग विकला त्या दिवशीं माल अपुरा होता काय ? यास्तव नव्या आवृत्तीस वेगळी किंमत लावून ती वेगळी विक्री दाखवावयाची. याच न्यायानें २००७ सालीं कांहीं मॅकिन्टॉश संगणकांतील वेगवान वायफाय जागें करण्यास १ डॉलर ९९ सेंट घेतले गेले. तें यंत्र संगणकांत आधींपासून बसविलेलेंच होतें !

२००९ सालीं हे नियम बदलले, आणि जून २०१० मधील चौथी आवृत्ति आयपॉड टचवाल्यांसही विनामूल्य मिळाली. मॅकिन्टॉशच्या आवृत्त्याही अशाच उतरत गेल्या : २००७ मध्यें १२९ डॉलर, २००९ मध्यें २९, २०१२ मध्यें २० च्या आंत, २०१३ मध्यें शून्य. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. फी गेली, आणि त्याच वेळीं २००७ सालचें पहिलें आयपॉड टच यादींतून वगळलें गेलें. तीन वर्षेंही न झालेलें उपकरण. दहा डॉलर काय, शंभर देऊं म्हटलें तरी त्यास चौथी आवृत्ति मिळेना. तें फेंकून नवें घेणें एवढाच मार्ग.

आमचें मत विचाराल तर तो दहा डॉलरांचा आंकडा गैरसोयीचा खरा, पण प्रामाणिक होता. तो वहींत लिहितां येई, घरांत त्यावर बोलतां येई, नको म्हणतां येई. ‘विनामूल्य’ या शब्दानें बोलणेंच खुंटलें, आणि खर्च उपकरणाच्या किंमतींत जाऊन लपला. अर्थात् पैसे पडतात म्हणून लोक जुन्याच आवृत्तीवर राहिले तर तिच्यांतील छिद्रांतून चोर शिरतात. तेव्हां सुधारणा फुकट असावी हें सर्वांच्याच हिताचें. आमची तक्रार फुकटपणाची नाहीं, मुदत न सांगण्याची आहे.

जुन्या फोनवर नवें ॲप कां चालत नाहीं, हें मामंजींस शाळेच्या दाखल्यानें पटेल. थोरल्याचें पुस्तक धाकट्यास चालत असे. परंतु अभ्यासक्रम बदलून बालभारतीनें नवें पुस्तक काढलें कीं जुनें कितीही जपलेलें असो, गुरुजी जो धडा उघडावयास सांगतात तो त्यांत नसतोच. ॲप लिहिणारेही नव्या आवृत्तींतील सोयी गृहीत धरून लिहितात. आणि जुन्या आवृत्तीवर प्रत्येक वेळीं तपासून पाहण्यास खर्च येत असल्यामुळें, वापरणारे थोडे उरले कीं ती सोडून देतात. बँकांना सुरक्षिततेचें कारण आणखी. व्हॉट्सॲप मे २०२५ पासून आयफोनच्या १५.१ पूर्वींच्या आवृत्त्यांवर चालेनासें झालें. २०१४ सालचा आयफोन ६ त्यांत गेला, कारण त्यास बारावीच्या पुढची आवृत्ति घेतांच येत नाहीं.

संगणकाचें तर लक्षणास उदाहरण म्हणून द्यावें असें आहे. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची राखण थांबविली. विंडोज ११ ला बहुतेकांस पैसे पडले नाहींत, पण पुष्कळ जुने संगणक तिच्या अटींतच बसत नाहींत. अशांसाठीं आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची योजना निघाली. पैसे न देतां ती मिळविण्याच्याही वाटा ठेविल्या, आणि रोख घेणाऱ्यास ३० डॉलर. यांत नवें ॲप नाहीं, नवी सोय नाहीं. घेतल्यास फळ नाहीं, न घेतल्यास प्रत्यवाय. तेव्हां हा खर्च नित्याच्या सदरांत मांडावा, हें आमचें उत्तर.

आतां प्रत्यक्ष काय करावें ? प्रथम सासूबाईंच्या फोनच्या सेटिंग्जमध्यें नवी आवृत्ति देऊं केली आहे काय तें पाहावें. असल्यास फोटो वगैरेंची प्रत दुसरीकडे ठेवून ती घ्यावी. पैसा लागत नाहीं. निर्मात्यानेंच हात आंखडला असेल तर पैसे देऊनही मिळणार नाहीं. परंतु भावोजींसही सांगावें कीं, ॲप बंद झालें म्हणजे बँक बंद झाली असें नव्हे. खात्यास जोडलेल्या क्रमांकावरून *९९# लावून शिल्लक पाहतां येते, आणि रिझर्व्ह बँकेनें मार्च २०२२ मध्यें आणलेली ‘यूपीआय १२३पे’ ही सोय साध्या फोनसाठींच आहे. हयातीचा दाखला चेहरा दाखवून देण्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून अँड्रॉइड फोनवर झाली, तरी बँकेंत जाऊन तो देण्याचा मार्ग मोकळा आहेच.

नवा फोन ठरलाच, तर दुकानदारास किंमतीच्या आधीं दोन गोष्टी विचाराव्या : हें मॉडेल कोणत्या सालचें, आणि त्यास अपडेट किती सालापर्यंत मिळणार. १२,००० रुपयांच्या फोनला दोनच वर्षें उरलीं असतील तर वर्षास ६,००० पडले. २१,००० च्या फोनला सहा उरलीं असतील तर ३,५००. महाग कोणता हें त्रैराशिक न मांडतांही दिसतें. गूगलनें ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनें जानेवारी २०२४ च्या एस२४ पासून सात वर्षांचें वचन दिलें, पण ते फोन भारी किंमतीचे. युरोपीय संघांत २० जून २०२५ पासून कायदाच आहे कीं, निर्माता ज्या सुधारणा काढील त्या, मॉडेलचा शेवटचा नग बाजारांत आणल्यापासून निदान पांच वर्षें विनामूल्य पुरविल्या पाहिजेत.

आणि दुकानांत भावोजींनीं एकट्यानें जाऊं नये. ज्यांचा फोन, त्यांस काय हवें असें कोणीं विचारल्याचें पत्रांत कोठें दिसलें नाहीं. सासूबाईंस बरोबर न्यावें, अक्षर केवढें दिसतें तें त्यांनीं स्वतः पाहावें, आणि बँकेचें ॲप त्यांच्याच हातानें, गुप्त अंक त्यांनाच ठरवूं देऊन, सुरू करावें. जुन्या फोनमधील बँकेची माहिती पुसावी. फोन मात्र टाकूं नये. त्यांत एफ. एम. रेडिओ असल्यास त्यास कोणतीच आवृत्ति लागत नाहीं. कानांत घालावयाची तार तेवढी जोडावी लागते, कारण लहरी तो तिच्यावरच पकडतो.